जांबोटीकडच्या थंड, ओल्या परड्यात रंबुतान, ॲडेनियम आणि अँथुरियम टिकवायचे कसे?

ओढ्याकाठचे परडे (जांबोटी परिसर)

सर्वांना नमस्कार. आमचे घर जांबोटीच्या पुढे, चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत, उतारावर आहे. घरामागे सुमारे सहा गुंठ्यांचे परडे असून ते खाली ओढ्यापर्यंत उतरत जाते. वरच्या अंगाला तांबडी माती आणि तिच्याखाली जांभा आहे. ओढ्याजवळची माती मात्र चिकट आणि काळपट आहे. खालच्या हद्दीला वडिलांनी घातलेला जांभ्याचा गडगा आहे, तो माझ्या कमरेच्याही वर येतो.

तीन वर्षांपूर्वी नोकरीतून मोकळा झाल्यावर मी हौसेने उष्ण प्रदेशातली झाडे आणली. त्यांत रंबुतान या फळझाडाची दोन कलमे, मँगोस्टीन या दुसऱ्या फळझाडाचे एक रोप, लाल देठाचा पाम, सहा ॲडेनियम, दहाबारा अँथुरियम आणि हेलिकोनियाचे गड्डे होते. विकणाऱ्याने सांगितले की गोव्यात आणि केरळात ही सगळी झाडे जोमाने वाढतात आणि तुमच्याकडे पाऊस तर तितकाच पडतो, मग काळजी कसली. मलाही ते पटले. लागवड जुलैत, पाऊस चांगला लागल्यावर केली, कारण रोप लावायचे ते पावसातच, अशी आपल्याकडची रीत आहे.

पहिल्याच ऑगस्टमध्ये तीन ॲडेनियम गेले. वरून पाने हिरवी होती, पण बुडाचा फुगीर भाग बोटाने दाबला तर पिकलेल्या पपईसारखा आत गेला. डिसेंबरअखेर पाम पिवळा पडला. त्याचा मधला पोंगा सहज ओढून पाहिला तर तो अलगद हातात आला आणि बुडाशी आंबूस वास येत होता. रंबुतानच्या पानांच्या कडा दर जानेवारीत करपतात, मार्चमध्ये नवी पालवी येते आणि पुढच्या थंडीत पुन्हा तेच होते. मँगोस्टीनने तीन वर्षांत जेमतेम पानांच्या चार जोड्या काढल्या आहेत. अँथुरियम जिवंत आहेत, पण फुलत नाहीत. हेलिकोनिया मात्र इतका माजला आहे की शेजाऱ्यांना गड्डे वाटून झाले.

थंडीत झाडे दुपारी मलूल दिसतात म्हणून मी पाणी वाढवले. गेल्या वर्षी रंबुतानवर पारदर्शक प्लॅस्टिकही गुंडाळले, तेव्हा जी पाने प्लॅस्टिकला टेकली होती तीच आधी काळी पडली. यंदा जानेवारीत दोन साधे तापमापक आणून लावले. एका निरभ्र पहाटे पडवीत १३ अंश सेल्सिअस होते आणि त्याच वेळी ओढ्याजवळ ८! एकाच परड्यात पाच अंशांचा फरक पाहून मी चकित झालो. दोष थंडीचा आहे की पावसाचा, आणि यातली कोणती झाडे वाचवण्यासारखी आहेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गच्चीवरची बाग (टिळकवाडी, बेळगाव)

मी फक्त ॲडेनियमविषयी लिहिते, कारण बाकीच्या झाडांचा मला अनुभव नाही. हे झाड आफ्रिकेच्या आणि अरबस्तानच्या कोरड्या भागातले आहे. बुडाच्या फुगीर खोडात पाणी साठवून ते दुष्काळ काढते. अशा झाडाला जांबोटीच्या जमिनीत जुलैत लावणे म्हणजे उंटाला पाणथळात बांधण्यासारखे झाले, क्षमा असावी. उरलेली तीन रोपे आजच उपटून कुंडीत घ्या. एक भाग माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग विटांचा चुरा असे मिश्रण मला मानवले आहे. कुंडी खानापूरची साधी मातीचीच घ्यावी, चकाकी दिलेली नको, कारण साध्या कुंडीची भिंत ओल बाहेर सोडते. मृग निघण्याआधी कुंड्या पडवीत आत घ्यायच्या आणि दसऱ्यापर्यंत पावसाचा थेंबही लागू द्यायचा नाही. थंडीत पाने गळली तर घाबरू नका, झाड विश्रांती घेत असते. तेव्हा पाणी जवळजवळ बंद ठेवायचे. मी डिसेंबर-जानेवारीत पंधरा दिवसांतून एकदा वाटीभर पाणी देते आणि मार्चमध्ये झाडे फुलांनी भरतात.

सुपारीची बाग (खानापूर)

आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण आपण तापमान मोजले आहे. बहुतेक लोक झाड मेल्यावर मातीला नाही तर नशिबाला दोष देतात.

विकणाऱ्याने पावसाची तुलना केली, ती बरोबर होती. त्याने उष्णतेची तुलना केली नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर जानेवारीतल्या पहाटेही पारा सहसा १९-२० अंशांच्या आसपास असतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि तिथे जानेवारीतले सरासरी किमान तापमान १३-१४ अंशांच्या घरात असते; खोलगट जागी ते आणखी उतरते, जसे आपल्याकडे उतरले. पावसाळ्यातही हाच फरक आहे. जुलैत किनाऱ्यावर दुपारी २८-२९ अंश असतात, तर बेळगावात २५ च्या आसपास, आणि कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात ढग इतके खाली उतरलेले असतात की आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही. म्हणजे आपल्या झाडांना वर्षातून दोनदा थंडी सोसावी लागते, एकदा ओली आणि एकदा कोरडी. माझ्या मते पहिली जास्त घातक आहे, कारण ती मुळांना लागते.

उष्ण प्रदेशातल्या झाडांना इजा होण्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. तापमान १०-१२ अंशांच्या खाली गेले की त्यांच्या पेशींची आवरणे ताठरतात आणि मुळांची पाणी ओढण्याची शक्ती मंदावते. पुढे सकाळी ऊन पडले की पाने पाणी मागतात, पण गारठलेली मुळे ते देऊ शकत नाहीत, म्हणून ओल्या मातीत उभे असलेले झाड कोमेजते. आपण त्याला तहान समजून आणखी पाणी घातले, त्यामुळे मुळांना हवा मिळेनाशी झाली. कोमेजलेले झाड दिसले की आधी चार बोटे खोल माती उकरून पाहावी. ती ओली लागली तर पाणी घालू नये.

लाल देठाचा पाम हा मलाया, सुमात्रा आणि बोर्निओ येथील दलदलीच्या जंगलातला आहे, तिथे बाराही महिने रात्री उबदार असतात. तो जांबोटीत उघड्यावर जगणार नाही. त्याचा नाद सोडावा.

आता आपल्या पाच अंशांविषयी. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडते, तिला लागून असलेली हवा गार होते, गार हवा जड असल्यामुळे उतारावरून पाण्यासारखी खाली वाहते आणि अडली की साचते. आपल्याकडे ती वडिलांच्या गडग्याला अडते. ओढ्याच्या बाजूला गडग्यात चार-पाच फुटांची वाट मोकळी करा आणि पुन्हा मोजा. झाडांना पांघरूण घालण्याआधी हे करून पाहावे, असे मला वाटते.

जागेविषयी आणखी एक अडचण सांगतो. आपल्या भागात थंडीतला बोचरा वारा पूर्वेकडून येतो आणि पावसाळ्यातला झोडपणारा वारा पश्चिमेकडून. त्यामुळे घराच्या पश्चिमेला लावलेले झाड थंडीत सुखी राहते आणि पावसात झोडपले जाते. पूर्वेला लावले तर उलट होते. दक्षिणेकडची भिंत सर्वांत बरी, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो आणि भिंत दिवसभर तापून रात्री ती ऊब परत देते. जूनमध्ये दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकतो, त्यामुळे ही भिंत उन्हाळ्याच्या शेवटी फार भाजतही नाही. फक्त पश्चिमेच्या कोपऱ्यावर बांबूचे किंवा तगरीचे आडोशाचे कुंपण हवे.

निपाणीकर

वरील उत्तर अभ्यासपूर्ण आहे, तरी मी थोडा विरोधी सूर लावतो. आमच्याकडे काळी माती आणि पाऊस कमी, म्हणून मी असल्या झाडांच्या वाटेला गेलोच नाही. पण जांबोटीच्या हवेत कोकम, जांभूळ, फणस, करवंद न मागता येतात. तिथे रंबुतानसाठी एवढी यातायात कशाला? उद्या कोणी तिथे खजूर लावायला निघेल. माझा सल्ला असा की हेलिकोनिया ठेवावा, बाकी सगळे सोडून द्यावे.

माहेर शहापूर (पूर्वी उत्तर इंग्लंड)

मी अकरा वर्षे इंग्लंडच्या उत्तर भागात राहिले. तिथल्या बागवानांना नाजूक झाडांचे वेड फार आहे, म्हणून त्यांची पद्धत थोडी सांगते. पण ती जशीच्या तशी उचलू नये, हेही सांगायचे आहे.

तिथे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने झाडांची थंडी सोसण्याची प्रतवारी केली आहे. ज्या झाडाला १५ अंशांपेक्षा जास्त तापमान लागते ते एच-१-ए, १० ते १५ अंशांत तगणारे एच-१-बी, ५ ते १० अंशांत तगणारे एच-१-सी, आणि असे उतरत उतरत उणे २० च्याही खाली जगणारे एच-७. आपले परडे या हिशेबाने वरच्या बाजूला एच-१-बी आणि ओढ्याजवळ एच-१-सी ठरते. रोप विकत घेताना ते कोणत्या देशातले आहे यापेक्षा ते किमान किती अंशांत तगते, हे विचारायची सवय मला तिथे लागली. अँथुरियमला १५ अंशांच्या खाली गेले की आवडत नाही, म्हणून ते आपल्याकडे हिवाळ्यात फुलत नाहीत. मेलेले नाहीत हेच पुष्कळ.

तिथे जपानी केळ बागेत उघड्यावर ठेवतात. शरद ऋतूत पाने कापतात, खोडाभोवती जाळीचा पिंजरा उभा करतात, त्यात गवताचा पेंढा भरतात आणि वर टोपी घालतात. नवख्याला वाटते की हे सगळे उबेसाठी आहे. पण माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बागवानाने टोपी नीट बसली आहे का, हे दर रविवारी तपासलेले मी पाहिले आहे, कारण पेंढा भिजला की खोड कुजते. वृक्षनेच्याच्या शेंड्यातही ते पेंढा कोंबतात, तोही कोरडाच.

डेलियाचे उदाहरण पाहा. इंग्लंडमध्ये पहिल्या हिमकणांनी पाने काळी पडली की कंद उकरून, वाळवून, थंडीपासून दूर ठेवतात. बेळगावात माझी आई डेलियाचे कंद उन्हाळ्यात उकरून कोरड्या वाळूत ठेवते, ते पावसात कुजू नयेत म्हणून. थंडीत तर तिच्याकडे त्यांना फुले येतात. काम एकच आहे, पण शत्रू वेगळा आहे.

प्लॅस्टिकविषयी: पातळ पारदर्शक पॉलिथीन रात्री जमिनीतून आणि पानांतून निघणारी उष्णता फारशी अडवत नाही. शिवाय आत साचलेले दव पानाला चिकटते आणि बुरशीला आमंत्रण मिळते. तरट किंवा जुने सुती लुगडे चार काठ्यांवर असे ताणावे की ते पानाला कुठेही टेकणार नाही, आणि सकाळी ऊन आले की काढून ठेवावे. बुडाशी भाताचे पिंजर पसरावे, पण खोडापासून वीतभर दूर.

सुपारीची बाग (खानापूर)

निपाणीकरांचा सूर मला मान्य आहे, पण निष्कर्ष नाही. कोडगू (कूर्ग) जिल्ह्यातील चेट्टळ्ळी येथे भारतीय बागायती संशोधन संस्थेचे केंद्र आहे, आणि तिथूनच रंबुतानचे ‘अर्का कूर्ग अरुण’ हे लाल आणि ‘अर्का कूर्ग पतीब’ हे पिवळे वाण आले आहेत. कोडगू काही समुद्रकाठ नव्हे. बेळगावपेक्षा ते उंचावर आहे आणि तिथेही पाऊस भरपूर असतो. तेव्हा रंबुतान आपल्या हवेत अशक्य आहे असे म्हणता येत नाही. तिथल्या कॉफीच्या मळ्यात मोठ्या झाडांची सावली असते, उतारावरून पाणी आणि गार हवा दोन्ही वाहून जातात, आणि आपल्या परड्यात नेमके हेच नाही. खजुराची तुलना मात्र झकास होती.

दोन्ही रंबुतान कलमेच आहेत ना, याची खात्री करा. बियांपासून झालेले रोप नर निघण्याचा धोका असतो, आणि तसे असेल तर दहा वर्षे वाट पाहूनही फळ मिळणार नाही. जमिनीलगत खोडावर जोडाची गाठ दिसते का ते पाहावे.

खतांबाबत एवढेच सांगतो की गणपतीनंतर नत्र देऊ नये. त्या खताने दिवाळीच्या सुमारास कोवळी लुसलुशीत पालवी फुटते आणि डिसेंबरची पहिली थंडी तिच्यावरच पडते. त्याऐवजी सप्टेंबरअखेर पालाश द्यावे; चुलीची लाकडाची राख असेल तर तीही चालते, कारण आपली जांभ्याची माती आम्लधर्मी असते. पावसापूर्वी एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे: १ लिटरसाठी १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात विरघळवून मग एकत्र ओतावेत. मिश्रणात लोखंडी सुरीचे लखलखीत पाते मिनिटभर बुडवावे. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी घालावा. सुपारीच्या कोळे रोगासाठी (पावसाळ्यातल्या फळकुजीसाठी) आम्ही हेच मिश्रण वापरतो. ॲडेनियम कुंडीत आत घेतलेत तर त्यांना याची गरज नाही.

ओढ्याकाठचे परडे (जांबोटी परिसर)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. सांगितलेले काही लगेच करून पाहिले, ते कळवतो.

गडग्यात साडेचार फुटांची वाट पाडली. मजुराला वाटले की मी हद्दीवरून शेजाऱ्याशी भांडण काढतो आहे. उघडी वाट पाहून गवे आत येतील ही भीती होती, म्हणून तिथे बांबूचे विरळ फाटक बसवले आहे, त्यातून वारा जातो. त्यानंतरच्या तीन निरभ्र पहाटे मोजले: पडवीत १३, १२ आणि १३, ओढ्याजवळ १०, १० आणि ११. घरातल्या मंडळींना हे आकडे वाचून दाखवले तर कोणालाच विशेष वाटले नाही, पण मला रात्री झोप लागली नाही.

मुळांजवळच्या पाण्याचीही परीक्षा घेतली. रंबुतानपासून दोन हात अंतरावर फूटभर खोल खड्डा खणून पाण्याने भरला, तो जिरल्यावर पुन्हा भरला. सकाळी नऊला भरलेले पाणी संध्याकाळी दिवेलागणीलाही अर्ध्यावर होते. वरच्या अंगाला, दक्षिणेच्या भिंतीजवळ असाच खड्डा दीड तासात रिकामा झाला. मला वाटते, माझे उत्तर तिथेच होते आणि मी तीन वर्षे आकाशाकडे पाहत बसलो होतो.

ॲडेनियम कुंडीत गेले आहेत. एकाच्या मुळांवर थोडी कूज होती, ती कापून चार दिवस सावलीत वाळवून मग लावले. अँथुरियम फणसाखाली हलवणार आहे. रंबुतानच्या खोडावर जोडाची गाठ स्पष्ट दिसते, म्हणजे कलमेच आहेत. आता एकच विचारायचे आहे: रंबुतान आणि मँगोस्टीन दोन्ही भिंतीजवळ न्यावेत का, आणि केव्हा?

सुपारीची बाग (खानापूर)

अँथुरियमसाठी फणसाची जागा उत्तम आहे. दाट झाडाखाली रात्रीची उष्णता वर निसटत नाही, त्यामुळे तिथे उघड्या आकाशाखालच्या मानाने ऊब टिकते.

रंबुतान हलवावेत, पण आता नव्हे आणि जुलैतही नव्हे. मे महिन्यात वळवाचे दोन चांगले पाऊस झाले की माती ओली आणि उबदार अशी दोन्ही असते. तेव्हा हलवलेल्या झाडाला मुळे धरायला महिनाभर मिळतो आणि मग पावसाची झड सुरू होते. जागा भिंतीपासून सात-आठ फूट सोडून निवडा, कारण झाड पसरते. खड्डा न करता दीड फूट उंचीचा उंचवटा करून त्यावर लावा, आणि उंचवट्याच्या वरच्या अंगाला पाणी वळवण्यासाठी छोटी चर काढा. झाड उचलण्याच्या महिनाभर आधी चहूबाजूंनी मुळे फावड्याने तोडून ठेवली तर आत नवी तंतुमुळे फुटतात आणि मातीचा गड्डा सुटत नाही. एक तृतीयांश पाने कमी करावीत. पहिले वर्षभर शेडनेट हवेच.

मँगोस्टीनला मात्र हात लावू नका. त्याचे सोटमूळ लांब आणि नाजूक असते, आणि त्याला फाटे फार कमी असतात. तीन वर्षांचे झाड उपटले तर ते बहुधा जाणारच. मुळात ते संथ वाढणारे झाड आहे, त्यामुळे पानांच्या चार जोड्या हे आपल्याला वाटते तितके वाईट लक्षण नाही. गडग्याची वाट उघडल्याने त्याचीही थंडी कमी होईल. त्याच्या वरच्या बाजूने अर्धचंद्राकार खोल चर खणून पाणी ओढ्याकडे काढून द्या, पूर्वेला तरटाचा पडदा लावा, आणि त्याला आहे तिथेच राहू द्या. मे महिन्यात कलमे हलवाल तेव्हा त्याची पाने पुन्हा मोजून इथे लिहा.